९६ तासांनंतरचा मासा

कारखान्याचे सांडपाणी नदीत सोडण्याजोगे झाले आहे की नाही, हे ठरवताना आपला कायदा माशाचीच साक्ष काढतो. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील सर्वसाधारण मानकांत एक चाचणी आहे. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात दुसरे पाणी न मिसळता मासे सोडायचे. ९६ तासांनी त्यांतले ९० टक्के जिवंत असले, की पाणी त्या कसोटीला उतरले. जहाल विष ओळखायला ही चाचणी उपयोगी आहे, यात वाद नाही. पण ती माशाला एवढेच विचारते, की तू जिवंत आहेस का? चार दिवसांनी त्याचे कल्ले कसे आहेत, पुढच्या मृगात त्याच्या पोटात गाभोळी धरेल का, धरली तर फळेल का, अंड्यातून निघालेले पिल्लू आठवडाभर तरी तगेल का, हे तिच्या कक्षेबाहेर राहते. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याची दृष्टीही अशीच होती. मासे पकडण्याच्या किंवा मारण्याच्या हेतूने पाण्यात विष टाकणे हा त्याने गुन्हा ठरवला, आणि त्यासाठी दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड ठेवला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासे आणि वन्यजीवांसाठी असलेला ‘ड’ वर्ग पाहावा, तर तिथे मुख्य अटी तीनच : लिटरला किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू, ६.५ ते ८.५ च्या दरम्यान सामू आणि १.२ मिलिग्रॅमपर्यंत मुक्त अमोनिया. कीटकनाशके, संप्रेरके, जड धातू यांचा त्यात उल्लेख नाही. माझे म्हणणे असे, की या तिन्ही ठिकाणी आपण मासा मरतो की नाही एवढेच पाहत आलो. प्रदूषणाने होणारा मोठा तोटा मेलेल्या माशांत दिसत नाही, तो न जन्मलेल्या माशांत असतो; आणि जे जन्मलेच नाही ते काठावर तरंगत येत नाही, म्हणून त्याचा पंचनामाही होत नाही.

हा विषय बोरगाव मेघेच्या वाचकापुढे मांडण्याचे कारण त्या गावाच्या स्थितीतच आहे. वर्धा शहराला लागून असलेल्या सावंगी, सिंदी, पिपरी या ‘मेघे’ गावांच्या पंक्तीतले हे गाव जनगणनेच्या लेखी नागरी वस्ती आहे. पाच हजारांवर लोकसंख्या, चौरस किलोमीटरला चारशेहून अधिक माणसे आणि कामकरी पुरुषांपैकी तीन चतुर्थांश शेतीबाहेर, या तीन अटी पुऱ्या केल्या की गाव ‘जनगणना शहर’ ठरते. कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच राहतो. त्यामुळे घरे शहराची, न्हाणीघरे शहराची, साबण-फिनेल-औषधे शहराची, आणि सांडपाणी वाहून नेण्याची सोय गावाची, अशी विसंगत रचना तयार होते. शौचालयाची टाकी घरामागे, तिचे वरचे पाणी नालीत, नाली नाल्यात आणि नाला नदीत, हा अशा वस्त्यांचा सर्वसाधारण मार्ग असतो. आपल्या भागातल्या नद्यांची साखळीही ध्यानात घ्यावी. बोर आणि धाम यांचे पाणी वणेत जाते, वणा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा एकत्र होऊन प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत उतरते. वर्धा शहर आणि लगतची गावे ज्या धामचे पाणी पवनार, येळाकेळीहून उचलून पितात, ती याच साखळीची एक कडी आहे. केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यांत सर्वाधिक, ५३, महाराष्ट्राचे होते आणि हिंगणघाटपर्यंतचा वणेचा पट्टा त्या यादीत होता. २०२२ च्या यादीत देशाचा आकडा ३११ वर आला, महाराष्ट्राचा मात्र ५५ झाला.

पहिला धक्का बसतो तो प्राणवायूला. तीस अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरला साधारण साडेसात मिलिग्रॅमच प्राणवायू मावतो. पाणी जितके तापेल तितका तो कमी. विदर्भाच्या उन्हाळ्यात माशाच्या वाट्याला मुळातच थोडा प्राणवायू असतो. एका माणसाच्या एका दिवसाच्या सांडपाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला ढोबळमानाने ४५ ग्रॅम प्राणवायू लागतो. साडेसातवरून चारपर्यंत, म्हणजे ‘ड’ वर्गाच्या किमान मर्यादेपर्यंत, पाणी खाली आणायचे तर एवढी घाण सुमारे तेरा हजार लिटर पाण्याला पुरते. वाहते पाणी हवेतून प्राणवायू परत घेते हे खरे. पण चैत्र-वैशाखात धार तुटून डोहच उरले, की ही परतफेड मंदावते. त्यात नायट्रोजन आणि स्फुरदावर पोसलेले शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते आणि रात्री तोच पिते. म्हणून दुपारी घेतलेला पाण्याचा नमुना उत्तम निघू शकतो आणि त्याच डोहात पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकताना दिसतात. अमोनियाचेही असेच आहे. सामू ७ असताना तीस अंशांवर त्याचा एक टक्काही भाग विषारी, मुक्त रूपात नसतो. शेवाळाने दुपारी सामू साडेआठवर नेला की तो भाग वीस टक्क्यांवर जातो. एकूण अमोनिया तेवढाच राहतो, माशाच्या कल्ल्यांना बसणारा मार मात्र वीसपटीहून वाढतो. कल्ल्यांची त्वचा जाड होते, श्वासाला जास्त शक्ती लागते, शरीर कायम तणावात राहते. अशा माशाच्या अंगावर एरवी निरुपद्रवी असणारे जिवाणू चढतात, कल्ले आणि पर कुजतात. १९८८ मध्ये भारतात आलेल्या, अंगावर खोल व्रण पाडणाऱ्या बुरशीजन्य रोगाने मरळीसारख्या गोड्या पाण्यातल्या माशांची मोठी हानी केली. ती बुरशी आत शिरायला आधीच दुखावलेली त्वचा सोयीची असते.

आजारी मासा आणि न फळणारा मासा यांचा संबंध इथे लागतो. प्रजनन हा शरीराचा सर्वांत महागडा उद्योग आहे आणि संकटात शरीर सर्वांत आधी तोच थांबवते. मादीच्या यकृतात बलकाचे प्रथिन तयार होते, रक्तातून अंडाशयात जाते आणि तिथे गाभोळी भरते. या साऱ्याला स्त्री-संप्रेरकाची आज्ञा लागते. तणावाची संप्रेरके ती आज्ञा क्षीण करतात. हाँगकाँगमधील रुडॉल्फ वू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सायप्रिनस, म्हणजे आपल्या तलावांतही सोडला जाणारा कॉमन कार्प, यावर केलेले काम या दृष्टीने महत्त्वाचे आहे. केवळ प्राणवायू कमी ठेवल्याने त्या माशांच्या लैंगिक संप्रेरकांची पातळी बिघडली, जननग्रंथींची वाढ खुंटली, अंडी फळण्याचे, फुटण्याचे आणि पिल्ले जगण्याचे प्रमाण घसरले. म्हणजे विषाचा थेंबही नसलेले, फक्त गुदमरलेले पाणी वंश खुंटवू शकते. शिवाय माशाचे फलन शरीराबाहेर होते. नराचे शुक्राणू पाण्यात पडल्यावर जेमतेम मिनिटभर हालचाल करतात, त्यात त्यांना अंड्याचे सूक्ष्म छिद्र सापडावे लागते. अंडे पाणी शोषून फुगते, रोहू-कतल्याच्या बाबतीत पंधरा-अठरा तासांत फुटते, आणि पिल्लाचे कल्ले, आतडे, जबडा हे सारे पुढच्या काही दिवसांत घडते. जनावराच्या गर्भाला आईच्या पोटाचा आडोसा असतो, माशाच्या गर्भाला नदीखेरीज दुसरे पोट नाही. मोठ्या माशाला सहज सोसवणारी मात्रा या काही तासांत घातक ठरते, ती यामुळे.

आता या नाजूक काळाचे पंचांग पाहावे. आपल्या नद्यांतले बहुतेक मासे पावसाच्या पहिल्या लोंढ्यावर चढणीला लागतात; पाण्याचा गढूळपणा, गारवा आणि प्रवाह हीच त्यांना अंडी घालण्याची खूण असते. नेमक्या त्याच लोंढ्यात उन्हाळाभर नाल्यांत साचलेला गाळ, रस्त्यांवरचे तेल आणि उकिरड्यांचे पाणी नदीत उतरते. पुढे जुलै ते ऑक्टोबर या काळात, म्हणजे पिल्ले उथळ कडेला वाढत असताना, पऱ्हाटीवर फवारणीचा हंगाम असतो. वर्धा हा कापसाचा जिल्हा आहे. बोंडअळीवर वर्षानुवर्षे मारले गेलेले एंडोसल्फान माशांना लिटरमागे काही मायक्रोग्रॅम इतक्या मात्रेतच मारक ठरते. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये बंदी घातली. त्यानंतर वापरात राहिलेल्या सायपरमेथ्रिनसारख्या औषधांची माणसाला बाधा तुलनेने कमी, पण माशाच्या बाबतीत ती अतिशय जहाल आहेत. आणि फॉस्फरसयुक्त औषधे मज्जातंतूंचे काम रोखतात, त्यामुळे पिल्लू न मरताही नीट पोहू शकत नाही, भक्ष्य पकडू शकत नाही. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे शेतकरी आणि मजूर विषबाधेने दगावले, ते पाठीवर पंप घेतलेले धडधाकट लोक होते. त्याच शिवारातून वाहणाऱ्या ओहोळात मोहरीएवढी पिल्ले असतात. राज्य सरकार समुद्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवते, कारण तो माशांच्या विणीचा काळ आहे, हे मान्य झालेले आहे. नदीच्या माशाची वीणही त्याच दिवसांत येते, आणि तिथे आपण जाळे नाही टाकले तरी नाली मात्र सोडतो.

न जन्मलेल्या माशांचा सर्वांत स्पष्ट पुरावा कॅनडातल्या एका तळ्याने दिला. ओंटारियो प्रांतातील प्रायोगिक तलावक्षेत्रात कॅरन किड आणि सहकाऱ्यांनी २००१ पासून सलग तीन उन्हाळे २६० क्रमांकाच्या तळ्यात गर्भनिरोधक गोळीतले कृत्रिम स्त्री-संप्रेरक सोडले. मात्रा होती लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. शहरी सांडपाण्याखालच्या नद्यांत असे प्रमाण आढळते, म्हणूनच ते निवडले होते. काठावर मेलेल्या माशांचा खच पडला नाही. नर मासे अंड्याचे बलक-प्रथिन तयार करू लागले, त्यांच्या वृषणांची वाढ बिघडली, आणि पुढच्या काही वर्षांत फॅटहेड मिनो या छोट्या माशाची त्या तळ्यातली संख्या जवळपास संपली. ब्रिटनमध्ये सांडपाणी प्रक्रिया केंद्रांच्या खालच्या अंगाला रोच जातीच्या नर माशांच्या वृषणांत अंडपेशी सापडल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले, तेही याच प्रकारचे निष्कर्ष. ९६ तासांच्या चाचणीत त्या तळ्याचे पाणी बिनतक्रार उत्तीर्ण झाले असते. आणि हे द्रव्य सोडायला कारखाना लागत नाही. माणसांची दाट वस्ती आणि प्रक्रियेविना वाहणारी नाली एवढे पुरते. ‘आमच्याकडे मोठे कारखाने कुठे आहेत’ हा दिलासा म्हणून बोरगावसारख्या गावाला घेता येणार नाही.

यावर पहिला आक्षेप बाजारातून येतो. मासे तर भरपूर मिळतात, मग वंश खुंटला कुठे? या भरपूरपणाचे घटक वेगळे करून पाहिले पाहिजेत. आपल्या तलावांत आणि जलाशयांत मिळणारे कतला, रोहू, मृगल हे गंगेच्या खोऱ्यातले मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले, तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रात तयार करून तलावात सोडण्याचा मार्ग खुला झाला. या शोधाने लाखो कुटुंबांना रोजगार दिला, त्याचे मोल कमी नाही. पण दरवर्षी बाहेरून बोटुकली आणून सोडली, की पाण्याची स्वतःची पैदास थांबली आहे हे जाळ्यात दिसत नाही. तिलापियाचा सुकाळ तर उलटीच साक्ष देतो. १९५२ मध्ये देशात आणलेल्या या माशाची मादी अंडी तोंडात धरून उबवते, त्यामुळे तळाचा गाळ आणि गुदमरलेले पाणी तिच्या अंड्यांना भिडत नाही. बंदी असूनही पाळला जाणारा आफ्रिकी मांगूर हवेतून श्वास घेतो. मरळही घेते, म्हणून ती बाजारात बादलीभर पाण्यात तासन्‌तास जिवंत दिसते. पण मरळीच्या पिल्लाला हे कसब जन्मतः नसते; सुरुवातीचे दिवस त्याला पाण्यातल्याच प्राणवायूवर काढावे लागतात. ज्यांची अंडी उघड्या पाण्यावर, वाळूत किंवा पाणवनस्पतींना चिकटून राहतात, त्या जाती कमी होत जाणे आणि तोंडात अंडी सांभाळणारी जात वाढणे, हा पाण्याने स्वतः लिहिलेला अहवालच आहे.

दुसरा आक्षेप अधिक भक्कम आहे. मासे घटले ते धरणांनी, वाळूउपशाने आणि बारीक आसाच्या जाळ्यांनी. सगळा दोष प्रदूषणावर कशाला? धरणाने चढणीची वाट अडवली, उपशाने अंडी घालण्याचे तळ खरवडले, हे निर्विवाद आहे. पण ही कारणे परस्परांपासून सुटी नाहीत. धरणाखाली प्रवाह घटला की तेवढीच नाली अधिक दाट होते. वाळू गेली की पाणी गाळणारा थरही जातो. आणि प्रदूषण इतर कारणांपेक्षा एका बाबतीत वेगळे आहे : ते उरलेल्या माशांची भरपाईची क्षमताच मारते. जाळ्याने निम्मे मासे नेले, तरी उरलेल्या निम्म्यांची एकेक मादी हजारो-लाखो अंडी घालून काही हंगामांत तूट भरून काढू शकते. अंडीच फळत नसतील तर मासेमारी पूर्ण बंद करूनही नदी भरणार नाही. म्हणून केवळ भोई-ढिवरांच्या जाळ्यांवर निर्बंध घालून हा प्रश्न सुटेल असे मानणे चुकीचे आहे आणि अन्यायाचेही आहे. पूर्व विदर्भातल्या ढिवर समाजाने कोणता मासा कोणत्या वनस्पतीत अंडी घालतो याचे बारीक ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे. भंडारा-गोंदियातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत बेशरमाची झुडपे उपटून देशी पाणवनस्पती लावण्याच्या कामात त्याच ज्ञानाचा आधार घेतला गेला.

तिसरा आक्षेप खर्चाचा आहे, आणि त्यामागे न बोललेला आणखी एक असतो : मासे खाणारे थोडे, त्यांच्यासाठी एवढा खटाटोप का? दुसऱ्याचे उत्तर आधी देतो. माशाच्या अंड्याला भिडणारे पाणी आणि जलशुद्धीकरण केंद्रात पोचणारे पाणी एकाच नदीचे आहे. तुरटी आणि क्लोरीन गढूळपणा व जंतू घालवतात. कीटकनाशकांचे आणि संप्रेरकांचे अंश त्यांनी पुरते निघतातच असे नाही. मासे न खाणाऱ्यालाही धामचे पाणी प्यावेच लागते. खर्चाचे म्हणाल, तर प्रत्येक गावाला मोठे प्रक्रिया केंद्र परवडणार नाही हे मान्य. पण माशांच्या पंचांगाकडे पाहून केलेली छोटी कामे परवडतात. मे महिन्यात नालीतून काढलेला गाळ काठावर न ठेवता पहिल्या पावसाआधी हलवणे, शौचालयाच्या टाक्यांचा मैला लगतच्या गावांनी एकत्र येऊन एका ठिकाणी प्रक्रियेला नेणे, नाल्याच्या मुखाशी पाणवनस्पतींचे गाळणक्षेत्र करणे, ओहोळालगतच्या धुऱ्यावर गवताचा पट्टा राखणे आणि फवारणीचा पंप वाहत्या पाण्यात न धुणे, यांतले एकही काम ग्रामपंचायतीच्या किंवा शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे नाही. कॅनडातल्या त्या तळ्याचा पुढचा भागही इथे सांगायला हवा : संप्रेरक सोडणे थांबवल्यावर काही वर्षांत तिथल्या माशांची संख्या पुन्हा सावरली. कारण दूर केले की वंश परत येऊ शकतो, फक्त तो येण्यापुरते मासे शिल्लक असले पाहिजेत.

या पुस्तिकेच्या पुढच्या भागांत प्राणवायू, अमोनिया, कीटकनाशके, संप्रेरके आणि रोग यांचा एकेक करून विचार येईल. तो वाचताना एक मागणी वाचकाने मनाशी धरावी, ती अशी की पाण्याची तपासणी माशाच्या प्रजननाशी जोडली जावी. नमुने जून ते ऑगस्टमध्येही, आणि दुपारऐवजी सूर्योदयापूर्वी घेतले जावेत. विणीच्या आधी माशाच्या वजनाशी गाभोळीच्या वजनाचे प्रमाण किती भरते, याची नोंद वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी व्हावी. ही तपासणी महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागालाही तराजू आणि चाकूवर करता येते. श्रावण-भाद्रपदात कडेच्या उथळ पाण्यात कोणत्या देशी जातींची पिल्ले सापडतात, याची यादी मच्छीमार सहकारी संस्थांकडून करवून घ्यावी आणि त्या कामाचा त्यांना मोबदला मिळावा. वणा किंवा धाम सुधारली असे जाहीर करण्यापूर्वी ही यादी मागितली गेली पाहिजे. बाहेरून बीज न सोडता ज्या पाण्यात देशी माशांची पिल्ले सलग तीन-चार पावसाळे मिळतात, तेच पाणी स्वच्छ म्हणावे. त्याखालच्या कोणत्याही प्रमाणपत्राचा अर्थ एवढाच, की मासा अजून मेलेला नाही.